थोरल्या जावयाचा मान, जपानी बागेत

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर दारात उभं केलेलं नाही. जुन्या गाड्यांचे पार्ट विकून जर्सी सिटीत स्वतःचं दुकान काढलं. समोरचा काय लपवतोय हे ओळखण्यावरच माझं पोट चाललं. तरीही हे लिहितोय... कारण त्या रात्री माझी हुशारी चालली नाही.

सत्त्याऐंशीचा एप्रिल होता. माझा साडू अरविंद, डॉक्टर, टेक्सासला कायमचा निघाला होता. त्याच्याशी माझं बोलणं बंद. मेव्हण्याच्या लग्नात मानाचा फेटा आणि नारळ आधी अरविंदला दिला, मग मला. थोरला जावई मी! न जेवता हॉलमधून निघून आलो होतो.

सुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, धाकट्या बहिणीला भेटायचं होतं. मालती एकदा टेक्सासला गेली की कधी भेट होणार? पण सुधा ड्राइव्ह करत नव्हती आणि मी त्यांच्या दारात जाणार नव्हतो.

"मग निदान चेरीची फुलं तरी दाखवा," ती म्हणाली. "तासाभरावर जपानी बाग आहे. रात्री दिवे लावतात."

गेटवर मी तिकीटवाल्या मुलीला म्हटलं, "अंधारात अर्धी बाग दिसणार, मग पूर्ण तिकीट का?"

"सर, तिकीट अंधाराचंच आहे," ती हसून म्हणाली. पोरगी तयार होती. पैसे दिले.

आत मात्र मी तिकिटाचे पैसे विसरलो. झाडांना खालून दिवे सोडलेले, फांद्या फुलांनी पांढऱ्या-गुलाबी झालेल्या, आणि तेच सगळं पुन्हा तळ्यात. सुधा पुलावर रेंगाळली, मी पुढे गेलो... आणि दिवे गेले.

काहीच दिसेना. तेवढ्यात कोणीतरी माझं कोपर धरलं. हलकेच, दोन बोटांनी.

"बेतानं. उजवीकडे पाणी आहे. थोरले जावई, या."

मराठीत! मी कोणाचं ऐकणारा माणूस नव्हे, पण निमूट चालत गेलो. दिवे आले तेव्हा बाजूला कोणी नव्हतं. समोरच्या बाकावर अरविंद आणि मालती बसले होते.

सुधानं फोनवर बहिणीशी ठरवलं असणार, हे मी तेव्हाच ओळखलं. ते सोडा. अरविंदचा चेहरा उतरला होता.

"मोहनराव, आत्ता इथे कोण होतं? तुम्हाला पुलावर बघून मी उठून निघालो होतो. कोणीतरी खांदा दाबून बसवलं. म्हणे, थोरले जावई येतायत, थांबा."

"आवाज कसा होता?"

"सासरेबुवांसारखा."

सासरे साताऱ्याला वारून सहा वर्षं झाली होती. पंगतीत जावयाला पाटापर्यंत न्यायचे ते असंच, कोपराला दोन बोटं लावून.

मी झाडांमागे शोधलं, तळ्याभोवती फिरलो, गेटवरच्या मुलीलाही विचारून आलो. आम्हा चौघांशिवाय त्या संध्याकाळी कोणी भारतीय आत आलेलंच नव्हतं. शेवटी बाकावर बसलो.

"नारळ राहू दे," मी अरविंदला म्हटलं, "पण तुमचा तो पहिला फेटा मला हवा."

"तो सामानाच्या ट्रकमधून पुढे गेला. टेक्सासला या, तिथे बांधतो."

"विमानाचं तिकीट?"

"अर्धं माझं."

"पूर्ण."

"बरं, पूर्ण. पण मग महिनाभर राहायचं, दोघांनी."

सौदा पटला. फुलांखाली दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून हसत होत्या, डोळेही पुसत होत्या. त्याच वर्षी हिवाळ्यात आम्ही टेक्सासला जाऊन आलो.

तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. तळ्यावरून लांबचं बोलणं ऐकू आलं म्हणावं, तर कोपर कोणी धरलं? आणि दोघी बहिणींना काहीच ऐकू आलं नव्हतं. परतताना गाडीत सुधानं मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाली,

"वडील आमचे... आणि बोलले फक्त जावयांशी?"