तुसाची राख आणि माझी हिरवीगार बांधी

बाळांनो, दिवाळीनंतर माझ्या बांधीतला तांदूळ पाठवीन, असं मी तुम्हाला फोनवर कबूल करून बसले होते. बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा. इथे दोन बांध्या शेजारी-शेजारी आहेत. एक माझी, एक माझ्या धाकट्या जावेची. बियाणं एकच, रोपांची रोवणीही एकाच दिवशी.

जाऊ चौथी शिकलेली. ती दरवर्षी राइस मिलमधली तुसाची राख पोत्यांनी आणून चिखलात टाकते. मला ती काळी धूळ बघवत नाही. मी मोहाडीहून युरिया आणला, वहीत तारखा आखल्या आणि वर एक हप्ता जास्तच दिला. बांधी अशी गर्द हिरवी झाली की तिचा फोटो लगेच तुम्हाला धाडला. जावेच्या फिकट धानाकडे बघून "यानं उपास धरलाय वाटतं" असंही म्हणून घेतलं.

लोंब्या भरायच्या वेळी माझ्या बांधीत गोल गोल करपलेले डाग दिसू लागले. वाकून पाहिलं, तर बुडाशी, पाण्यालगत, तपकिरी तुडतुडे दाटीवाटीनं रस पीत बसलेले. बांधापलीकडे मोजकेच.

"काहून बाई, धानाले साखरेचा चहा पाजला का?" जाऊ बांधावरून म्हणाली. "पाव्हणे उठूनच नाही राहिले!"

मी पुस्तकं काढली. रोपाला पळता येत नाही, म्हणून ते आपल्या रसात तुरट, कडवट द्रव्यं बाळगतं. किड्यानं सोंड खुपसली की चव बिघडून तो उठतो. युरिया जास्त झाला की रस पौष्टिक होतो आणि हा कडवटपणा कमी पडतो. राखेतली सिलिका मात्र खोड टणक करते, शिवाय कडू द्रव्यं वेळेवर तयार व्हायला मदत करते. हे सगळं मी जावेला सविस्तर समजावलं.

"म्हंजे राख बरी, हेच ना?" ती म्हणाली. "मंग येवढं पुस्तक कायले? पह्यले पानी काढा, बूड वाळलं का हे टिकत नाही."

दोघींनी बांध फोडून पाणी काढलं. माझं अर्धं पीक वाचलं. तुमच्या पिशवीतली उरलेली जागा तिच्या तांदळानं भरून निघाली.

पिशवीवर मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली: 'आजीच्या बांधीतला.' जावेनं ती वाचली, पेन मागितला आणि खाली लिहिलं: 'अर्धा.'

चिठ्ठी तशीच ठेवली आहे. भात शिजला की आधी तिला फोन करा.