साहेबांची दया

आमचे तहसीलचे साहेब पैनगंगेच्या डोहात डोंग्यातून गळ टाकत. धरलेला मासा आपण सोडून देतो, याचा त्यांना भारी गर्व. कारकून म्हणून मलाही सोबत जावं लागे.

एकदा हातभर मासा लागला. साहेबांनी तो तापल्या फळीवर तडफडत ठेवला, मला वीत लावून मोजायला सांगितला, मिशा पिळल्या आणि मग मोठ्या दयेनं पाण्यात फेकला. मासा पोट वर करून तरंगू लागला.

"झोपला वाटतं," साहेब म्हणाले.

डोंगा चालवणाऱ्या भोयानं पाण्यात हात घालून मासा सरळ धरला. "त्याले दम तं घेऊ द्या, साहेब."

कल्ले हलू लागले, तसा मासा निसटून खोल गेला.

कचेरीत साहेब म्हणाले, "मी वाचवला." मी मुकाट मान डोलावली. त्या दिवशी साहेबांपेक्षा मीच मला हलका वाटलो.