चंद्रीला कुठलं गवत सापडलं?

माझ्या घरातून प्रयोगशाळेपर्यंत पहिल्यांदा पोचली ती माझी लेक, आणि तिच्या पाठोपाठ आमच्या गाईचं शेण.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची गोष्ट. कोरेगावच्या आमच्या घरात रेशनकार्डावर चार माणसं होती. प्रत्यक्षात मी. सौ. आजारी आईजवळ सांगलीला, मुलगा फौजेत, आसामला, आणि लेक वासंती पुण्याला जनावरांच्या आहाराचं शिक्षण घेत होती. राहता राहिलो मी आणि परड्यातली चंद्री.

एकदा वासंती आली ती दारातूनच म्हणाली, "बाबा, मला चंद्रीचं शेण हवंय."

आजवर तिने फ्रॉक मागितला, सायकल मागितली. एवढी सरळ मागणी पहिल्यांदाच!

मग तिने समजावलं. शेण वाळवून, दळून त्यावर अवरक्त प्रकाश टाकायचा. तो डोळ्यांना दिसत नाही. त्यातला किती परत येतो त्यावरून यंत्र सांगतं, की जनावराने काय प्रतीचं खाल्लं, त्यात प्रथिनं किती, पचलं किती. त्यासाठी माळावर चरणाऱ्या दहा गाईंचे नमुने हवेत, दर महिन्याला.

"एस्टीने पाठवत जाऊ?"

"नको. मीच येऊन नेत जाईन."

दर महिन्याला! मी चंद्रीकडे प्रथमच आदराने पाहिलं.

"पण एक अट आहे, बाबा. माळावर चरेल तेवढंच. पेंड नाही, सरकी नाही, कडबा नाही. वरचं काही खाल्लेलं दिसलं, तर आमचे सर त्या गाईला लगेच वगळतील."

"पेंडीचं नावसुद्धा काढणार नाही!" मी म्हणालो आणि घरातलं पेंडीचं पोतं त्याच दिवशी शेजारी देऊन टाकलं. मोजणीच्या कचेरीत उभी हयात गेलेला माणूस मी. अट म्हणजे अट.

बाकीच्या नऊ गाईंचं काम त्यांच्या मालकांकडे; दुसऱ्या दिवसापासून घमेलं घेऊन मी चंद्रीच्या मागे. गावची गुरं राखणारे बाबूमामा दगडावर बसून मजा बघत होते.

"आवं सायेब, असं मागं मागं फिरू नगा. लाजती ती!"

"बाबूमामा, ताजं पाहिजे. मातीला लागायच्या आत."

"मंग हात धरा की खाली!"

(धरला. पुढचं सांगत नाही.)

नमुने वाळत घातले गच्चीवर, सौ.च्या कुरडयांच्या धडप्यावर. पलीकडच्या गच्चीवरून सुशीलावहिनींनी मान उंचावली. "भाऊजी, यंदाचं सांडगं लय काळं पडलं वो!"

मी "हो" म्हणालो. खरं सांगितलं असतं तर ते सांगलीत माझ्या आधी पोचलं असतं!

दोनदा वासंती आली, डबे घेऊन गेली. तिसऱ्या खेपेला जीपमधून उतरली ती सरांना घेऊनच. सर किरकोळ अंगाचे, पण आवाज असा की परड्यातल्या कोंबड्या पांगल्या.

"नऊ गाईंच्या शेणात नुसतं वाळकं कुसळ! आणि तुमच्या गाईचे आकडे म्हणजे श्रावणातलं कोवळं कुरण झक मारतं! ऐन उन्हाळ्यात! या माळावर काहीतरी उगवतंय आणि ते फक्त हिलाच ठाऊक आहे!"

माझी छाती फुगली. आमच्या घरात कुणीतरी हुशार निघालं होतं!

चंद्री पुढे, सर मागे, त्यांच्या मागे वासंती, मी आणि निम्मं गाव. चंद्रीने जिथे तोंड घातलं तिथे सर गुडघ्यावर! प्रत्येक काडी उपटून पिशवीत. बाबूमामा तर चिडलेच. "आरं, मी उभा जल्म ह्या माळावर काढला, मला कसं गावलं न्हाई हे गवत?"

दिवस कलला. चंद्रीने सगळ्यांना माळभर फिरवलं आणि मग थेट घरी आणलं. स्वयंपाकघराच्या परड्याकडच्या दाराशी आली, फटीत तोंड घातलं आणि हंबरली.

"हट्!" मी म्हणालो.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की हा कोण परका माणूस! मग शिंगाने दार ढकललं. आत भाकरीची टोपली, भाताचं पातेलं, आमटी.

"बाबा, एवढं कुणासाठी?" वासंतीने विचारलं.

"गोग्रास."

"टोपलीभर?"

"तू पेंड म्हणालीस, सरकी म्हणालीस, कडबा म्हणालीस. गोग्रास म्हणजे खुराक आहे का? तो धर्म आहे!"

सर पुढे आले. "धर्माला रोज किती लागतं?"

"आधी एक पान. मग उरेल ते."

"आणि उरतं किती?"

"तीन माणसांचं."

चंद्री टोपलीकडे मान ताणत होती.

"हाताला चौघांचंच माप बसलंय, सर," मी म्हणालो. "एकट्यापुरतं पीठ घेतलं, की ते परातीत दिसतच नाही. मग मी इथेच दारात ताट घेऊन बसतो. मी जेवतो, ती जेवते. आमटीत मीठ जास्त पडलं तर तसं तिला सांगतो."

दर आठवड्याला फोनवर मी वासंतीला "मजेत आहे" म्हणत असे. ती आता माझ्याकडे न बघता पातेल्यावर झाकण ठेवत होती.

"म्हंजी ते गवत सायबाच्या तव्यावर उगवतंय व्हय!" बाबूमामा म्हणाले आणि सगळं परडं हसलं. सरांनी पिशवी चंद्रीपुढे रिकामी केली. तिने हुंगलंसुद्धा नाही. मग त्यांनी तिचं नाव खोडलं.

जीप गेली. बाकीच्या नऊ गाईंचे डबे आता सरांची जीपच नेणार होती. चंद्री गेली यादीतून, म्हणजे वासंतीचं दरमहा येणंही गेलं, असा मी हिशेब मांडला. माझे हिशेब सहसा चुकत नाहीत.

पुढच्याच रविवारी एस्टीतून वासंती उतरली. हातात डबे नव्हते.

"नमुना कुठला नेणार आता?" मी विचारलं.

"नमुना नाही. जेवायला आलेय."

आम्ही परड्याच्या दारात ताटं घेऊन बसलो. मी उत्साहाने वाढलं. तिने भाकरी मोडली, आमटीत बुडवली, घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली. मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"बाबा, चंद्रीला वगळून सरांनी मोठी चूक केली."

"का गं?"

"हे रोज खाऊन जिचे आकडे इतके चांगले येतात, ती गाय साधी नाही!"