जे पडेल ते काम

फिटरकाकांनी चौतीस वर्षं कारखान्यातली यंत्रं दुरुस्त केली आणि निवृत्तीनंतरच्या सहा महिन्यांत घरातली. धडधाकट मिक्सर त्यांनी दुसऱ्यांदा खोलला, तेव्हा काकूंनी हात जोडले. त्याच सुमारास उजव्या हाताला कंप सुटू लागला. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा, पण वर्षभरानंतर बारीक काम जमेलच असं सांगता येत नाही. काकांनी हिशेब केला: हातात वर्ष आहे, ते कुणाच्या तरी उपयोगी पडावं.

चौकापलीकडे अपंगांसाठी काम करणारी संस्था होती. तिच्या जिन्याखाली मोडक्या व्हीलचेअर एकीवर एक रचलेल्या. कुणाचं बेअरिंग गेलेलं, कुणाचा ब्रेक लागत नाही. दुसऱ्या कुणाला ते बघून वाईट वाटलं असतं. काकांच्या तोंडाला पाणी सुटलं.

स्वयंसेवकाच्या फॉर्मवर रकाना होता, ‘कोणतं काम आवडेल?’ तिथे काकांचं पेन अडलं. आवडीचं मागून घेणं त्यांना परक्याच्या ताटातली मोठी फोड उचलल्यासारखं वाटे. त्यांनी लिहिलं, ‘जे पडेल ते.’

काकूंना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, “आयुष्यभर हेच केलंत. लग्नात फोटोवाल्यानं सरका म्हटलं की सरकलात, म्हणून आपल्या निम्म्या फोटोंत मी एकटीच आहे.”

संस्थेत ‘जे पडेल ते’वाल्यांची रवानगी स्वागताला होई. त्यात काकांचे केस पांढरेशुभ्र, शर्टाला कडक इस्त्री. संस्थेच्या मॅडम खूश झाल्या. काका दारात उभे राहून पत्रकं वाटू लागले, पाहुण्यांना गुच्छ देऊ लागले. दुरुस्तीला मात्र एक निवृत्त बँकवाले होते. गप्पांचा माणूस, स्वागताला लाखात एक. पण फॉर्मवर त्यांनी ‘काहीतरी नवीन शिकायचंय’ असं लिहिलं होतं. ते पाना चमच्यासारखा धरत.

तिसऱ्या महिन्यात एक शिवणकाम करणारी बाई उतारावरून व्हीलचेअरसकट मागे घसरली. काकांनी खुर्ची धरली, खिशातला पाना काढला आणि दोन मिनिटांत ब्रेक घट्ट केला. बाई म्हणाली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा निर्धास्त बसलेय. तेवढ्यात मॅडम आल्या.

“काका, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?”

मॅडम काही वाईट नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं की विभाग फक्त वार्षिक बैठकीत बदलता येतो, आणि स्वागताला तुमच्यासारखा माणूस मिळत नाही. बैठकीला सात महिने होते. काकांनी नंतर आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा कौतुकच पदरात पडलं. हाताचं त्यांनी सांगितलं नाही. सांगून जागा मागायची म्हणजे तर दुप्पट मागणं.

वार्षिक बैठकीला मॅडमनी आठवणीनं विषय काढला. बँकवाले कंटाळून निघून गेले होते. “काका, सोमवारपासून दुरुस्ती तुमची,” असं म्हणत त्यांनी एक खुर्ची पुढे ढकलली आणि हौसेनं नट-बोल्ट काकांच्या हातात दिले. सगळे बघत होते. काकांनी नट बोल्टाच्या टोकाला लावला. आटा लागेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा नट निसटून कपाटाखाली गेला.

“राहू द्या, मी शोधतो,” कुणीतरी म्हणालं. कुणाला त्यात वावगं काही वाटलं नाही.

काकांनी उजवा हात खिशात घातला.

“मॅडम, माझं स्वागतच बरंय.”

“बघा, मी म्हणत नव्हते?” मॅडमचा जीव भांड्यात पडला. स्वागताची चिंता मिटली होती. त्यांनी अहवालाचा कागद पुढे ओढला, काकांचं नाव शोधलं आणि ‘आवडीचं काम मिळालं का?’ यापुढे ठसठशीत ‘होय’ लिहिलं. सही करायची होती. काकांनी डाव्या हातानं केली.