शुक्रवारचा सिनेमा

मस्कतच्या गाला भागात गॅरेजांच्या रांगेत एक शेड आहे, जिथून दिवसभर जुनं इंग्रजी रॉक ऐकू येतं. तिथे रविकांत पालशेतकर गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. गुहागरकडचा माणूस, वय पन्नाशीच्या पुढे, बोलणं कमी. त्याला इंग्रजी फारसं कळत नाही, आणि कळावं असं त्याला कधी वाटलंही नाही.

ही आवड त्याला गिरगावात लागली. अठराव्या वर्षी तो एका टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या दुकानात लागला होता. दुरुस्त झालेला टेप तपासायला मालकाकडे एकच कॅसेट होती, कुणी गिऱ्हाईक विसरून गेलेली, सत्तर सालच्या आसपासच्या कुठल्यातरी विलायती बँडची. रविकांतने ती इतक्या वेळा ऐकली की त्यातलं प्रत्येक वाद्य त्याला सुटं ऐकू यायला लागलं. ड्रमवाला किंचित मागे राहतो आणि त्यामुळेच गाणं झुलतं, गायक वरच्या सुरात जाताना त्याचा आवाज फाटतो आणि ते त्याने तसंच ठेवलंय, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मस्कतला येताना त्याने असल्या कॅसेटींची पिशवी भरून आणली.

अलीमियाँ त्याला भेटला तो या गाण्यांमुळेच. अलीमियाँ दाभोळचा, म्हणजे रविकांतच्या गावाकडून खाडी ओलांडली की त्याचं गाव. अल मवालेहच्या भाजी मार्केटमधून तो माल घेऊन निझवा, सूर, सोहारकडे ट्रक चालवायचा. मार्केट तेव्हा तिथेच होतं. ट्रकचे दिवे दुरुस्त करायला तो गॅरेजात आला आणि गाणं ऐकून थांबला.

"हे त्या भुताच्या पिक्चरमधलं ना?" त्याने विचारलं.

ते कुठल्याच पिक्चरमधलं नव्हतं. पण बोलणं सुरू झालं, आणि वर्षभरात दोघं दार्सैतमध्ये एका खोलीत राहायला लागले.

अलीमियाँचा जीव जुन्या भयपटांवर. दाभोळला लहानपणी कुणीतरी भाड्याने व्हीसीआर आणायचं आणि सोबत मिळतील त्या कॅसेटी. त्यात हे सिनेमे असायचे, बरेचसे काळेपांढरे. थडग्यातून उठणारे सरदार, पट्ट्या गुंडाळलेली प्रेतं, बसएवढे कोळी. भाषा कुणालाच कळत नसे, पण ओरडायचं कुठे ते सगळ्यांना कळे. मस्कतमध्ये त्याने हे सिनेमे पेनड्राइव्हवर जमवले. दर शुक्रवारी नमाज आणि जेवण झालं की खोलीचा पडदा ओढायचा, टीव्ही लावायचा, आणि दोघांनी गादीवर बसायचं. मध्ये भाजलेले शेंगदाणे.

"आताच्या पिक्चरमध्ये कानाशी फटाका फोडतात," अलीमियाँ म्हणायचा. "त्याला काय घाबरणं म्हणतात? जुना पिक्चरवाला तुला आधी एक दार दाखवतो. मग बराच वेळ दुसरंच काहीतरी दाखवतो. तू मनात त्या दाराकडेच बघत बसतोस."

कोळ्याच्या पायांना बांधलेली तार दिसायची, थडग्याचा दगड हात लागल्यावर हलायचा. अलीमियाँ अशा वेळी हसत नसे. "बिचाऱ्यांकडे साधनं नव्हती," म्हणायचा, "पण मनापासून केलंय बघ." रविकांतला हे पटायचं. त्याच्या गाण्यांतही चुका तशाच राहिलेल्या असायच्या.

एक सिनेमा दोघांचा फार लाडका होता. डोंगरावरचं घर, विधवा बाई, लांब जिना. एकदा ती बाई दिवा घेऊन जिना चढते, तेव्हा मागच्या अंधाऱ्या खिडकीत एक पांढरा चेहरा येतो आणि जातो. संगीत नाही, काही नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो दिसतच नाही. अलीमियाँ दर वेळी तिथे मान पुढे काढून हळूच म्हणायचा, "आला."

एका शुक्रवारी तो चेहरा आला आणि गेला, आणि अलीमियाँ शेंगदाणे सोलत राहिला.

रविकांतने त्याच्याकडे पाहिलं. अलीमियाँची नजर टीव्हीवरच होती. पुढच्या प्रसंगात व्हायोलिन किंचाळलं तेव्हा त्याने नेहमीसारखी मांडीवर थाप मारली. पुढच्या आठवड्यात रविकांतने मुद्दाम दुसरा सिनेमा लावला आणि शेजारचे झोपलेत असं सांगून आवाज बंद केला. अलीमियाँ तासभर गप्प बसला. शेवटी म्हणाला, "डोकं दुखतंय. आज नको."

"मियाँ, तुला किती दिसतं?"

अलीमियाँने पडदा बाजूला सारला. खोलीत ऊन आलं. "उजेडात सगळं दिसतं."

साखर त्याला पूर्वीपासून होती. ती डोळ्यांत उतरली होती. रूवीच्या एका दवाखान्यात तो चोरून इंजेक्शनं घेत होता, आणि डॉक्टरने गाडी चालवू नकोस असं स्पष्ट सांगितलं होतं. ते त्याने त्या दिवशी कबूल केलं. पण माल दुकानांत सकाळी पोचायला हवा, म्हणून ट्रक निघायचा पहाटेच्या अंधारात.

"तू अर्बाबला सांग," रविकांत म्हणाला. "मार्केटमध्येच माल बघायचं काम माग. मुआज मालक म्हणून चांगला माणूस आहे."

"सांगतो. ईद होऊ दे."

ईद झाली. मग मुलीच्या कॉलेजचं निघालं. सुरैया चिपळूणला नर्सिंग शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. तिचं शिक्षण पुरं होऊ दे, मग सांगतो. रविकांत दर शुक्रवारी विषय काढायचा आणि अलीमियाँ दर वेळी इन्शाल्ला म्हणून टीव्हीचा आवाज वाढवायचा.

एका सुट्टीच्या दिवशी रविकांत त्याच्याबरोबर ट्रकमध्ये बसला. निझव्याला ओळखीच्या गॅरेजात काम आहे, असं त्याने सांगितलं. खरं तर त्याला बघायचं होतं. ट्रकमध्ये त्याचीच एक कॅसेट लागली होती. मस्कत मागे पडलं, दिवे संपले, दोन्ही बाजूंना काळे डोंगर. अलीमियाँ रस्ता पाठ असल्यासारखा चालवत होता, आणि तो त्याला पाठ होताच. कुठे वळण, कुठे चढ, कुठे कॅमेरा.

समीईलच्या पुढे कडेला एक पिकअप बंद पडली होती. तिचे दिवे गेलेले होते. एक माणूस रस्त्यावर येऊन दोन्ही हात हलवत होता. रविकांतला तो लांबूनच दिसला. त्याला वाटलं, आता ब्रेक लागेल. लागला नाही.

"मियाँ!"

अलीमियाँने स्टिअरिंग ओढलं. मागचे क्रेट आदळले. माणूस रविकांतच्या खिडकीजवळून गेला, इतक्या जवळून की त्याचं उघडं तोंड दिसलं. बरंच पुढे जाऊन ट्रक थांबला. आरशात तो माणूस उभाच होता.

"बघितला होता मी त्याला," अलीमियाँ म्हणाला.

 रविकांतने कॅसेट बंद केली. 

दुसऱ्या दिवशी तो कामावरून निघून अल मवालेहला गेला. मुआज पत्र्याखाली खुर्ची टाकून बसला होता. ओमानी माणूस, साठीचा, कामगारांशी मोडकं हिंदी बोलणारा. रविकांतने उभ्यानेच सांगितलं, "अर्बाब, अली का आँख खलास है. गाडी मत दो." मुआजने आधी हसण्यावारी नेलं. मग सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ जपमाळ फिरवत बसला, आणि म्हणाला, "वो मेरा भाई माफिक है."

"इसलिए बोला," रविकांत म्हणाला. "दूसरा काम दो उसको."

मुआजने अलीमियाँला डोळे तपासायला पाठवलं. तपासणीनंतर गाडीचा प्रश्न संपला. दुसरं काम काही निघालं नाही. मार्केटमधलं काम मुआजच्या पुतण्याच्या हातात होतं, आणि त्याला डोळे अधू झालेला माणूस नको होता. मुआजने हिशेब चुकता केला, वर आपल्याकडून काही दिलं, विमानाचं तिकीट काढलं. आणि निरोप देताना चांगल्या मनाने सांगून टाकलं, तुझा दोस्त तुझ्या काळजीपोटी माझ्याकडे आला होता.

त्या संध्याकाळी रविकांत खोलीवर आला तेव्हा अलीमियाँ गादीवर बसून शर्टाच्या घड्या घालत होता. त्याने आवाज चढवला नाही.

"मला सांगून गेला असतास," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"नाही." घडी नीट बसत नव्हती, त्याने ती पुन्हा उलगडली. "पण सांगून गेला असतास."

जायला अजून काही आठवडे होते. ते दोघांनी त्याच खोलीत काढले. रविकांत भात लावायचा तो दोघांपुरता. अलीमियाँ खाली हॉटेलात जेवून यायचा. शुक्रवारी तो नमाज पढून संध्याकाळपर्यंत परतायचाच नाही. रविकांत पडदा न ओढता बसून राहायचा. एकदा त्याला दिसलं, अलीमियाँ अंघोळीहून येताना हाताने भिंत चाचपतोय. तो उठून पुढे झाला. अलीमियाँने पावलं ओळखली आणि जागच्या जागी थांबला, रविकांत पुन्हा बसेपर्यंत. तो गावी गेला त्या दिवशी रविकांत कामावर होता.

नंतर फोन लावले तर उचलले जात नव्हते. गावाकडून कानावर यायचं ते तेवढंच. एक डोळा गेला. मग दुसरा. सुरैयाचं कॉलेज अर्धवट सुटलं, ती दापोलीत कपड्याच्या दुकानात उभी राहते.

दोन वर्षांनी रविकांत रजेवर आला आणि फेरीबोटीने दाभोळला गेला. घर शोधावं लागलं नाही. अलीमियाँ ओटीवर बसला होता, दाढी पांढरी, डोळे उघडे. हाफिजाने, त्याच्या बायकोने, कोण आलंय ते सांगितलं. त्याने मान हलवली. रविकांत बाकावर बसला. चहा आला. तब्येतीचं बोलणं झालं, पावसाचं, गावातल्या कुणाच्या मयतीचं. मग तेही संपलं.

"मियाँ, माणूस मेला असता कुणीतरी."

"कोण?"

रविकांतला वाटलं, ऐकू आलं नसेल. "रस्त्यावर. एक ना एक दिवस."

"कोण ते विचारतोय," अलीमियाँ शांतपणे म्हणाला. "नाव सांग त्याचं. माझं सांगता येतं. सुरैयाचं सांगता येतं. तुझ्या त्या माणसाचं नाव सांग."

"त्या दिवशी तो पिकअपवाला होता..."

"तो घरी गेला. मी वाचवला त्याला. स्टिअरिंग माझ्या हातात होतं."

  खाली रस्त्याने एक रिक्षा गेली. अलीमियाँने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं आणि रिक्षा लांब जाईपर्यंत तसंच ठेवलं.

"अजून बघतोस?" त्याने विचारलं.

"बघतो."

"बघ."

एवढं बोलून तो उठला आणि चौकट धरून आत गेला. हाफिजा फाटकापर्यंत आली. डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, "तुम्ही केलंत ते बरोबरच असेल, रवीभाऊ. माझं काही म्हणणं नाही. पण पुन्हा येऊ नका. ते मग कित्येक दिवस जेवत नाहीत."

रविकांत पुन्हा गेला नाही. गालातली शेड चालू आहे, गाणीही चालू असतात, पण शुक्रवारी तो आता ओव्हरटाइम मागून घेतो. दार्सैतच्या खोलीत त्याच्याबरोबर रत्नागिरीचा एक तरुण वेल्डर राहतो, तो फोनवर क्रिकेट बघतो. सिनेमे रविकांत अधूनमधून बघतो, एकटाच, दिवसाउजेडी. डोंगरावरच्या घराचा तो सिनेमा लागला की जिन्याआधीच उठून चहा टाकायला जातो.