कपाटाची कडी

घरात फ्रीज आला आणि दूध ठेवायचं जाळीचं कपाट रिकामं झालं. त्याच आठवड्यात माझ्या मुलीला वाडीतल्या कुंपणावर घोयऱ्याचं पिल्लू सापडलं. घोयरा म्हणजे रंग बदलणारा, डुलत चालणारा सरडा. पिल्लू तिच्या करंगळीएवढं होतं. ती तेव्हा सातवीत होती.

"दुधाच्या कपाटात सरडा!" बायको म्हणाली. "उद्या फ्रीजमध्ये बेडूक ठेवा."

असले प्राणी घरात ठेवू नयेत हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मी हौसेने कपाट तयार केलं. मधल्या फळ्या काढल्या, तळाला माती पसरली, चढायला पेरूच्या फांद्या आडव्या बांधल्या. जाळीच्या दाराची कडी सैल होती, ती बदलली. वाटीतलं पाणी पिल्लू पीत नव्हतं. पानावरचे थेंब मात्र ते जिभेने टिपतं, हे मुलीनेच हेरलं. मग माझ्या आईच्या आजारपणातली सलाईनची नळी वरून सोडली. थेंब थेंब पाणी पानांवर पडू लागलं. शेजारीपाजारी बघायला येत.

"रंग बदलतो का हो?"

"ह्यांच्यापेक्षा कमी," बायको सांगायची.

पंधरा दिवसांत पेरूची पानं सुकली. आमची वाडी सोनचाफ्याची. मी दोन डहाळ्या तोडून आणल्या. विकायचा माल निवडताना लागलेली सवय अशी, की हात आपोआप स्वच्छ पानाकडे जातो, भोक नाही, कीड नाही अशा. ती झाडं स्वच्छ का होती? आदल्या दिवशी मीच त्यांच्यावर किडीचं औषध मारलं होतं. हे मला आठवायला हवं होतं. आठवलं नाही. नळीचे थेंब त्या पानांवरून ओघळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने पिल्लाला नाकतोडा दिला आणि ती शाळेत गेली. दुपारी मी पाहिलं तर ते तळाच्या मातीवर पडलं होतं, एका कुशीवर, काळपट होऊन. बायको बाजारात होती. मी पिल्लू वाडीत नेऊन पुरलं, डहाळ्या फेकल्या, परत आलो आणि कपाटाची कडी काढून दार अर्धवट उघडं ठेवलं.

मुलगी आली. मी म्हणालो, "कडी उघडी राहिली होती बघ."

"मी लावली होती, बाबा."

"मग दार उघडं कसं?"

ती दप्तरासकट वाडीत धावली. चार दिवस ती कुंपण आणि सगळी वाडी धुंडाळत होती. मीही तिच्याबरोबर फिरलो, झुडपं वाकवून दाखवली. त्याची लाज मला खोटं बोलण्यापेक्षा जास्त वाटते.

पुढे तिचं लग्न झालं, ती बोळिंजला फ्लॅटमध्ये राहायला गेली. एकदा ती मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार होती. आम्ही तिच्या इमारतीखाली रिक्षात बसलो आणि ती उतरून कुलूप बघायला वर गेली. आली, बसली, पुन्हा उतरू लागली.

"ताई, मी मीटर टाकलाय," रिक्षावाला म्हणाला.

"चालू दे. नवरापण हसतो मला," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "काय करू बाबा? माझ्यामुळे एकदा एक जीव गेलाय ना."

तेव्हा मी सांगितलं. तिथेच, रिक्षात, रिक्षावाल्यादेखत. औषध, डहाळ्या, पुरणं, सगळं. "तू कडी लावली होतीस. ती मी काढली."

 तिने विचारलं, "कुठे पुरलंत?"

"विहिरीजवळच्या पहिल्या चाफ्याखाली."

"तिथे तर आपण दोघांनी शोधलं होतं."

"हो," मी म्हणालो.

ती रिक्षातून उतरली आणि जिना चढून वर गेली. मी तिला थांबवलं नाही. खाली आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते.

"लावलेलं होतं," ती म्हणाली आणि तिने रिक्षावाल्याला चला म्हणून सांगितलं.