मेल्विनच्या फाइलीतलं पत्र

मेल्विन गेल्याचं कळलं तेव्हा मी माटुंग्याच्या बाजारात अळूची जुडी हातात घेऊन उभी होते. त्याच्या मुलीचा, रीटाचा फोन. "आंटी, पप्पा गेले. सकाळी चहा मागितला आणि..." पुढचं तिला बोलवेना. ती जुडी मी तशीच घरी आणली आणि दोन दिवसांनी टाकून दिली. याला आता सहा आठवडे झाले. रडून झालं; थकवा मात्र जात नाही.

परळच्या एका रुग्णालयाच्या संगणक विभागात आम्ही अठरा वर्षं शेजारी-शेजारी बसलो. तो पिढ्यान्‌पिढ्यांचा गिरगावकर, मी करी रोडची. आमचं काम सांगायला लागलं की लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगते. रुग्णनोंदणी, रक्ततपासणी, औषधं अशा प्रत्येक कामाला वेगळा संगणक असतो, पण तो हाताला लागत नाही. अशी तीसेक आभासी मशिन्स दोन-चार खऱ्या यंत्रांच्या पोटात चालतात. त्या सगळ्यांची नक्कल दर पंधरा मिनिटांनी नाशिकच्या आमच्या दुसऱ्या केंद्रात जाते. परळला आग लागली, पाणी शिरलं, तर नाशिकची नक्कल उठवायची आणि काम पुढे चालू ठेवायचं. बहुतेक ठिकाणी ही नक्कल कुणी उठवून बघतच नाही. मेल्विन बघायचा. दर तीन महिन्यांनी एका रविवारी तो परळचं सगळं खरोखर बंद करायचा आणि रुग्णालय अर्धा दिवस नाशिकवर चालवायचा. डॉक्टर वैतागायचे. "अगं शुभा, फोटोतला बंब आग विझवतो काय?" असं मला म्हणून स्वतःच खो खो हसायचा.

मी नवीन असतानाचा असाच एक रविवार. दुपारी एक वाजता परत परळवर यायचं होतं. त्यासाठी आधी नकलेची दिशा फिरवून नाशिककडून परळकडे करावी लागते, कारण सकाळपासूनच्या सगळ्या नोंदी नाशिकला झालेल्या असतात. मेल्विन जेवायला गेला होता. आम्ही सगळे त्याच्याच लॉगिनवर काम करायचो; चूक होती, पण सगळीकडे तसंच चालायचं. मला दादरला भाचीच्या साखरपुड्याला पोचायचं होतं. रोजच्या सवयीनं मी परळकडून नाशिककडे असंच बटण दाबलं. सकाळची शिळी प्रत नाशिकच्या ताज्या नोंदींवर जाऊन बसली. पाच तास पुसले गेले. नाशिकला राखलेल्या जुन्या प्रती त्याही आदल्या रात्रीच्या. पडद्यावर मात्र सगळं ठीक असल्याचे हिरवे दिवे.

मेल्विन आला, पडद्यावर नकलेची दिशा बघितली. तसाच लॅबमध्ये जाऊन सिस्टरांच्या रजिस्टरवरून एकेक तपासणी पुन्हा भरायला बसला. काही सापडल्याच नाहीत. वॉर्डातल्या एका आजीचं रक्त परत काढावं लागलं. तिची शीर सापडत नव्हती, तिसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा ती कळवळली... मी दारातच उभी होते.

सोमवारी साहेबांनी विचारलं, कुणी केलं? "लॉगिन माझं आहे, सर. मीच," मेल्विन म्हणाला. बाहेर आल्यावर मी बोलायला गेले तर म्हणाला, "गप बस. तुला काढतील. माझ्या फाइलीत एवढी वर्षं जमा आहेत, ठपक्याचं एक पत्र पचेल."

ते पचलं नाही. विभागप्रमुखाची जागा निघाली तेव्हा नेमकं तेच पत्र आडवं आलं आणि जागा मला मिळाली. "आता मॅडम म्हणायला लागणार तुला," एवढंच तो बोलला, आणि निवृत्तीपर्यंत चारचौघांत खरंच मॅडम म्हणत राहिला. दरवेळी मला वाटायचं, आज वर जाऊन सांगावं. मी गेले नाही. मला खुर्ची हवी होती, दुसरं काही कारण नाही.

मेल्विनला जाऊन महिना झाला तेव्हा चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना झाली, त्यानंतर रीटाच्या घरी गेले होते. कॉफी देऊन तिनं मेल्विनच्या कागदांत सापडलेली त्या ठपक्याच्या पत्राची घडी माझ्यापुढे ठेवली. "आंटी, पप्पा गॅस तीनदा बघायचे. त्यांच्या हातून असं कसं झालं? हे मला कळतच नाही." मी सगळं सांगितलं. तिनं कप उचलून धुतले, पुसले. मग म्हणाली, "त्यांच्यासमोर बोलायचं होतं ना तुम्ही." तिनं आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापनाला लेखी कळवलं, की त्या दिवसाची चूक माझी, मेल्विनच्या फाइलीत तशी नोंद करावी. परवा दोन ओळींचं उत्तर आलं: मयत कर्मचाऱ्याची फाइल बंद केलेली असते, तिच्यात नवीन कागद लावता येत नाही.

म्हणून तो कागद इथे लावते आहे. ते बटण मेल्विननं दाबलं नव्हतं. मी दाबलं होतं.